बेस गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये येणारे हमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे छोटेसे रेकॉर्डिंगचे काम कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर चालते. तेथे बेस गिटार घेऊन येणाऱ्यांत ऑर्केस्ट्रात वाजवणारे जुने वादक असतात, तशीच नुकतीच पहिली बेस घेतलेली कॉलेजची मुलेही असतात. पण वाजवणे थांबवले की मागे ‘घूंऽऽ’ असा आवाज राहतो, ही तक्रार दोघांचीही सारखीच असते. त्या तक्रारीवर वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. घराच्या मुख्य वायरिंगला हात घालावा लागेल अशी कामे मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

हमिंग आणि चरचर हे एकच आहे का?

नाही, आणि हा फरक ओळखता आला की निम्मे काम होते. आपल्याकडचा घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि त्याची वारंवारिता ५० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मर, मोटर किंवा भिंतीतली वायर यांच्याभोवती या वारंवारितेने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे घेतलेली कॉइल; वाद्याच्या तारेच्या कंपनाने होणारा चुंबकीय बदल टिपणे हे तिचे काम असल्यामुळे बाहेरून आलेला तसाच बदल ती तितक्याच इमानाने टिपते. यातून येणारा जो खालचा, घुमणारा आवाज, ते हमिंग. त्यात ५० हर्ट्झबरोबर १००, १५०, २०० अशा पटीतले स्वरही मिसळलेले असतात.

चरचर ही वरच्या पटींची, माशी अडकल्यासारखी बारीक आणि टोकदार असते. ती बहुधा पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, चार्जर यांच्यापासून येते आणि शिल्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) किंवा अर्थिंग कमकुवत असेल तेथून आत शिरते. हमिंगवर अंतर, दिशा आणि पिकअपची रचना हे उपाय चालतात, तर चरचरीवर शिल्डिंग आणि अर्थिंग. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की पैसे जातात आणि आवाज राहतो.

इक्वलायझरने ५० हर्ट्झ कापून टाकले तर प्रश्न मिटणार नाही का?

गायनाच्या किंवा साध्या गिटारच्या ट्रॅकवर कदाचित मिटेल. बेसवर मिटत नाही, आणि हेच या वाद्याचे खरे दुखणे आहे. चार तारांच्या बेसच्या सुट्या तारा अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झवर बोलतात. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवले की येणारा ‘जी’ हा स्वर ४९ हर्ट्झचा असतो. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही खर्जातली पांढरी पाच झाली, आणि विजेचे हमिंग त्या पांढरी पाचच्या जेमतेम ३५ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर, म्हणजे काळी चारच्या अलीकडेच, ठाण मांडून बसलेले असते.

परिणाम कानाला लगेच कळतो. तंबोऱ्याची जोड मिळवताना दोन तारांमध्ये किंचित फरक राहिला की आवाज जसा डोलतो, तसा हा ‘जी’ हमिंगबरोबर सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. सुटी ‘जी’ तार ९८ हर्ट्झची असल्यामुळे ती १०० हर्ट्झच्या हमिंगबरोबर सेकंदाला दोनदा डोलते. वादकाला वाटते की आपले बोट हलते आहे किंवा फ्रेटमध्ये दोष आहे. एकाने तर केवळ एवढ्यासाठी तारांचा पूर्ण संच बदलला होता.

आता ५० हर्ट्झवर खाच पाडली तर ती रुंद असल्यास ‘जी’चा पायाच जातो, आणि फार अरुंद असल्यास फिल्टर स्वतःच घंटेसारखा घुमू लागतो. शिवाय हमिंगच्या पटी १००, १५०, २०० अशा असतात आणि या ‘जी’च्या पटी ९८, १४७, १९६ अशा असतात, म्हणजे सगळ्या पटी कापणारा फिल्टर लावला की इतर स्वर शाबूत राहतात आणि पांढरी पाच तेवढी पोकळ वाजते. गायनासाठी नेहमी लावला जाणारा ८० हर्ट्झचा लो कट, म्हणजे त्याखालचे सगळे कापणारा फिल्टर, तर बेसच्या तळाच्या बारा स्वरांचा मूळ स्वरच खाऊन टाकतो. म्हणून बेसचे हमिंग रेकॉर्ड होण्यापूर्वीच थांबवावे लागते.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इंटरनेटवरचे बरेचसे मार्गदर्शन अमेरिकेतले असते आणि तेथील वीज ६० हर्ट्झची असते. एखाद्या प्लगइनची तयार सेटिंग ६० हर्ट्झवर असेल तर ती आपल्याकडे हमिंगला स्पर्शही करत नाही. उलट ५८ आणि ६२ हर्ट्झच्या आसपासचे चांगले स्वर मात्र बिघडवते.

हमिंग नेमके कोठून येते, हे कसे शोधावे?

घाईने काही विकत घेण्यापूर्वी अर्धा तास शोधासाठी द्यावा. प्रथम हमिंग रेकॉर्ड होते आहे की फक्त स्पीकरमधून ऐकू येते, हे तपासावे. न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करावे, ती फाइल मोबाइलवर घ्यावी आणि हेडफोन लावून ऐकावी. फाइल शांत असेल तर दोष मॉनिटर स्पीकरच्या जोडणीत आहे आणि बेसचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी याच एका तपासणीत निकाली निघाल्या आहेत.

फाइलमध्येही हमिंग असेल तर बेसची व्हॉल्यूम नॉब पूर्ण बंद करावी. साध्या पॅसिव्ह बेसमध्ये नॉब शून्यावर आणली की पिकअपकडून येणारा सिग्नल जमिनीला जोडला जातो; त्यामुळे या अवस्थेत हमिंग गेले तर ते पिकअपमधून किंवा बेसच्या आतल्या वायरिंगमधून येते, आणि जसेच्या तसे राहिले तर दोष केबलमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. नॉब पुन्हा उघडून, बसल्या जागी स्वतःभोवती हळूहळू फिरावे. एखाद्या दिशेला तोंड केल्यावर हमिंग जवळपास नाहीसे होत असेल तर ते चुंबकीय आहे, कारण ग्राउंड लूपला (तो काय असतो, ते पुढे येते) वादकाचे तोंड कोणीकडे आहे याच्याशी देणेघेणे नसते. माझ्या खोलीत रंकाळ्याच्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसले की आवाज सर्वांत कमी होतो, आणि ती खुर्ची गेली कित्येक वर्षे त्याच फरशीवर आहे.

यानंतर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा, मग मॉनिटर, ॲम्प्लिफायर, मिक्सर यांच्या केबल एकेक करून काढाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शेवटची आणि सर्वांत निर्णायक चाचणी अशी की लॅपटॉप बॅटरीवर ठेवून, इंटरफेस (वाद्याचा सिग्नल लॅपटॉपला देणारी पेटी) यूएसबीवरच चालत असेल तर, घरच्यांना सांगून मुख्य एमसीबी काही मिनिटांसाठी खाली करावा. हमिंग गेले तर कारण घरातच आहे. तरीही राहिले तर ते शेजारून किंवा खिडकीजवळून जाणाऱ्या लाइनवरून येते, आणि मग घरातला बोर्ड उघडण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

तारांना हात लावला की आवाज कमी होतो. बेस खराब आहे का?

नाही, ही सर्वसाधारण गोष्ट आहे. आपले शरीर खोलीतल्या विजेच्या क्षेत्राचा अँटेना होऊन ती चरचर पिकअपपर्यंत नेते. तारा ब्रिजमार्फत, म्हणजे त्या जेथे अडकवलेल्या असतात त्या धातूच्या तुकड्यामार्फत, जमिनीला जोडलेल्या असल्यामुळे त्यांना हात लागताच शरीरही त्याच पातळीवर येते. फरक फार मोठा असेल तर बेसच्या आतले शिल्डिंग अपुरे आहे, एवढाच त्याचा अर्थ. हात लावूनही काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची जोडणीची तार तुटलेली असण्याची शक्यता असते; मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यातला रोध मोजावा, तो जवळजवळ शून्य यायला हवा. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायर उलटसुलट जोडल्या गेल्या असाव्यात. हाताला झिणझिण्या येत असतील तर मात्र वाजवणे तेथेच थांबवून पुढचे दोन प्रश्न वाचावेत.

खोलीचे अर्थिंग ठीक आहे, हे कसे कळावे?

भोके तीन आहेत म्हणजे अर्थिंग आहे, असे गृहीत धरू नये. माझ्या माडीवर पहिले सहा महिने मी केबल, पिकअप आणि इंटरफेस यांना दोष देत राहिलो. एका वायरमनने आधी कधीतरी ‘पूर्ण वायरिंग’ म्हणून काम करून पैसे घेतलेले होते. अखेर दुसऱ्या माणसाने भिंतीवरचा बोर्ड उघडला तेव्हा सॉकेटच्या वरच्या जाड भोकामागच्या स्क्रूला काहीच जोडलेले नव्हते; हिरवी वायर पाइपच्या तोंडाशी गुंडाळून कोंबलेली होती आणि तिच्यावर जाळे धरले होते. त्या सॉकेटवर फेज आणि अर्थ यांच्यात डिजिटल मल्टिमीटर नव्वदच्या आसपास व्होल्ट दाखवत होता. असा अधांतरी आकडा दिसला की ते अर्थ कोठेही पोहोचलेले नाही असे समजावे. तो खरा पुरवठा नसून मीटरच्या मोठ्या रोधामुळे दिसणारा भास असतो, आणि म्हणूनच जाणकार वायरमन मीटरबरोबर टेस्ट लॅम्पही लावून पाहतो.

सॉकेट समोरून पाहिल्यास उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर अर्थ असावे. फेज आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज हे फेज आणि न्यूट्रल यांच्यातील व्होल्टेजच्या अगदी जवळ असावे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातील व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. ते दहा-पंधराच्या पुढे जात असेल तर न्यूट्रल किंवा अर्थ यांपैकी कोणते तरी सैल आहे.

जुन्या पेठांतल्या घरांमध्ये अर्थिंगचा खड्डा परसात किंवा बोळात असतो आणि पुढे त्याच्यावर फरशी येते, मग त्याचा विसर पडतो. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या अशा खड्ड्याला ओल लागते. काळी माती एप्रिल-मेमध्ये सुकून भेगाळली की रोध वाढतो, आणि पावसाळ्यात तो आपोआप उतरतो. ‘जुलैमध्ये चांगले होते, उन्हाळ्यात बिघडले’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय या खड्ड्यावर घ्यावा आणि त्यात दोन घागरी पाणी ओतून पाहावे. नळाच्या पाइपला अर्थ बांधण्याची जुनी पद्धत आता निरुपयोगी आहे, कारण वर लोखंडी पाइप दिसत असला तरी खाली तो प्लॅस्टिकचा झालेला असतो.

प्लगची अर्थ पिन काढली की हमिंग जाते. मग तसेच का ठेवू नये?

कारण तारा ब्रिजमधून, केबलच्या शिल्डमधून थेट ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. अर्थ असताना आत काही बिघडून फेज पेटीला लागला तर फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थ नसताना तोच फेज वादकाच्या बोटांवर येतो. गाणारा बेस वाजवत असेल आणि त्याचे ओठ वेगळ्या बोर्डवरच्या माइकला लागले, तर दोन उपकरणांमधला फरक त्याच्या शरीरातून वाट काढतो. मोडलेली पिन, तीनाचे दोन करणारा सॉकेट किंवा अर्थच्या जागी आगपेटीची काडी खुपसणे हे प्रकार मी माझ्या खोलीत चालू देत नाही, आणि त्यावर वाद घालत नाही.

याहून वाईट एक जुगाड आहे. अर्थ मिळत नाही म्हणून काही ठिकाणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून दिलेले असतात. मीटरवर सगळे आकडे सुंदर दिसतात. पण पाठीमागे न्यूट्रल तुटला तर त्या बोर्डवरच्या प्रत्येक उपकरणाची धातूची पेटी जिवंत होते. शिवाय न्यूट्रलचा प्रवाह शिल्डमधूनही वाहू लागल्यामुळे हमिंग वाढते ते वेगळेच. खोलीच्या वायरिंगवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. तो हमिंग कमी करत नाही, पण माणूस वाचवतो.

लॅपटॉपला चार्जर लावला की आवाज सुरू होतो. काय करावे?

रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून ठेवावा. दोन पिनांच्या चार्जरमध्ये आतल्या लहान कपॅसिटरमधून अतिशय थोडा प्रवाह बाहेरच्या बाजूला झिरपतो आणि लॅपटॉपच्या धातूवर अर्थच्या तुलनेत मुख्य पुरवठ्याच्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज तरंगते. हात फिरवल्यावर जाणवणारी मुंगी हीच. इंटरफेसच्या यूएसबीमधून ते बेसच्या शिल्डपर्यंत पोहोचते. तीन पिनांचा, खऱ्या अर्थिंगवरचा चार्जर वापरला तर चरचर बरीच कमी होते, मात्र तेव्हा ग्राउंड लूपची शक्यता निर्माण होते. माउस हलवला की किंवा पडद्यावर काही सरकले की ‘चिंई’ असा बदलता आवाज येत असेल तर तो संगणकाच्या आतला गोंगाट असून यूएसबीचा वेगळा पोर्ट वापरून पाहावा.

ग्राउंड लूप म्हणजे काय, आणि डीआय बॉक्सने तो जातो का?

दोन उपकरणे भिंतीतल्या अर्थमार्फत एकमेकांना जोडलेली असतात आणि तीच दोन उपकरणे ऑडिओ केबलच्या शिल्डमार्फतही जोडली जातात, तेव्हा तारेचे एक मोठे कडे तयार होते. या कड्यातून फिरणारा प्रवाह थोडासा असला तरी शिल्डवर व्होल्टेज पाडतो आणि ते सिग्नलमध्ये मिसळते. बेस ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरच्या लाइन आउटमधून इंटरफेसला, आणि इंटरफेस चार्जर लावलेल्या लॅपटॉपला, ही जोडणी म्हणजे ग्राउंड लूपला दिलेले आमंत्रणच आहे.

यावर पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे ही सगळी उपकरणे एकाच सॉकेटवरच्या, अर्थ असलेल्या एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवरून चालवणे. दुसरा उपाय डीआय बॉक्स. तो बेसचा जास्त इम्पीडन्सचा (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या रोधाचा) सिग्नल कमी इम्पीडन्सचा आणि बॅलन्स्ड करून एक्सएलआर केबलवर पाठवतो. बॅलन्स्ड जोडणीत दोन वायरींवर सारखाच आलेला गोंगाट पुढच्या टोकाला वजा होतो. आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआयमध्ये दोन्ही बाजूंचा तांब्याने जोडलेला संबंधच तुटतो आणि त्यावरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण फक्त ऑडिओच्या शिल्डची जोडणी सोडवते. अर्थ पिन काढणे आणि ग्राउंड लिफ्ट दाबणे या दोन गोष्टी सारख्या वाटत असल्या तरी पहिलीत सुरक्षिततेची वाट बंद होते आणि दुसरीत ती तशीच राहते.

मात्र डीआय बॉक्स हा जादूचा डबा नाही. पिकअपनेच टिपलेले हमिंग त्याच्या दृष्टीने सिग्नलच असते आणि ते तो निष्ठेने पुढे पाठवतो.

कोणत्या पिकअपला हमिंग कमी येते?

ज्यात दोन कॉइल एकमेकींविरुद्ध काम करतात त्याला. एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा ही दोन्ही दुसरीच्या उलट ठेवली की तारेचा सिग्नल बेरजेत येतो आणि बाहेरचे हमिंग वजाबाकीत जाते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी या कल्पनेवर तयार केलेल्या हमबकरसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मिळाले. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली तेव्हा तिला एकच कॉइल होती. १९५७ पासून तिचे पिकअप दोन तुकड्यांचे झाले आणि हे तुकडे परस्परविरुद्ध असल्यामुळे ती बेस मुळातच शांत असते.

१९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसची गंमत वेगळी आहे, आणि आपल्याकडे तिच्या नकला भरपूर वापरल्या जातात म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिच्यात दोन स्वतंत्र सिंगल कॉइल पिकअप आणि प्रत्येकाची स्वतंत्र व्हॉल्यूम नॉब असते. दोन्ही नॉब सारख्या उघडल्या तर दोन कॉइल मिळून हमबकरसारखे वागतात. एक नॉब थोडी जरी खाली आणली तरी वजाबाकी अपुरी राहते आणि हमिंग डोके वर काढते. बरेच वादक ब्रिजजवळच्या पिकअपचा टणक आवाज आवडतो म्हणून दुसरा बंद ठेवतात आणि मग वाद्याला नावे ठेवतात. शक्य असेल तेव्हा दोन्ही पूर्ण उघडून रेकॉर्ड करावे आणि हवा तो टणकपणा बोटांची जागा ब्रिजकडे सरकवून मिळवावा. हे करूनही आवाज येत असेल तर बदललेल्या पिकअपपैकी एखादे उलट जुळणीचे नाही असे समजावे. एकच पिकअप वापरणे अपरिहार्य असेल तर एकाखाली एक अशा दोन कॉइलचे हमिंगविरहित पिकअप मिळतात.

आतून तांब्याची फॉइल लावल्याने उपयोग होतो का?

चरचरीवर चांगला होतो, हमिंगवर जवळजवळ होत नाही. तांब्याची पातळ पट्टी विद्युत क्षेत्र अडवते, पण ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तिच्यातून सहज आरपार जाते. फॉइल लावून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांचे दुखणे बहुधा चुंबकीय असते. लावायचीच असेल तर पोकळीच्या तळाला, भिंतींना आणि वरच्या प्लेटच्या आतल्या बाजूला सलग लावावी, तुकडे एकमेकांवर चढवून जोडांवर सोल्डरचा थेंब द्यावा आणि एका वायरने ती जॅकच्या बाहेरच्या बाजूला जोडावी. कोठेही न जोडलेली फॉइल ही नुसती शोभा असते.

केबलमुळे हमिंग येते का?

येते, आणि बहुतेक वेळा महागड्या-स्वस्ताचा नव्हे तर जोडाचा प्रश्न असतो. पिनेच्या आत शिल्डचा सोल्डर सुटला की एकदम मोठा, भसाडा आवाज येतो. केबल पिनेजवळ हलवून पाहिल्यास तो येतो-जातो. स्पीकरची केबल बाहेरून तशीच दिसते पण तिला शिल्ड नसते, म्हणून ती बेसला लावू नये. लांबी तीन ते सहा मीटर पुरे. जास्तीची केबल चार्जरवर वेटोळे करून ठेवू नये, आणि विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

खोलीतली आणि आजूबाजूची कोणती उपकरणे बंद करावीत?

इन्व्हर्टर सर्वांत आधी. त्याचा जड ट्रान्सफॉर्मर चार्जिंग चालू असतानाही मोठे चुंबकीय क्षेत्र टाकतो, आणि वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करणे म्हणजे सगळ्या पटी एकदम ओढवून घेणे. अंतर वाढले की हे क्षेत्र झपाट्याने घटते, म्हणून दीड-दोन मीटर लांब सरकण्याने जे साधते ते अनेकदा हजारो रुपयांच्या उपकरणाने साधत नाही. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर सर्वांत जास्त चरचरते. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवावा. मे महिन्यात माडीवर हा सल्ला पाळणे कठीण आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आजूबाजूच्या उपकरणांवर आपला इलाज नसतो. उद्यमनगरच्या कडेला राहणाऱ्या एका वादकाकडे दुपारभर खडखड येत असे आणि ती नेमकी शेजारच्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या ठिणगीबरोबर येत-जात असे. मोटर सुरू होतानाचे झटके, वेल्डिंग, लेथ यांच्यावर फिल्टर शोधत बसण्यापेक्षा त्यांची जेवणाची सुट्टी शोधणे सोपे पडले. त्याच्या बेसचे सगळे टेक आम्ही एक ते दोनच्या दरम्यान घेतले.

पेडल लावले की हमिंग वाढते, त्याचे काय?

एका ॲडॅप्टरवरून साखळीने तीन-चार पेडल चालवली की त्यांच्यातच लहान ग्राउंड लूप तयार होतात. एका पेडलला ९ व्होल्टची बॅटरी लावून पाहावे. आवाज गेला तर प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घ्यावा. डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारा) हे आधीचे हमिंग उचलून मोठे करतात, म्हणून शक्यतो साधा सिग्नल रेकॉर्ड करून हे परिणाम नंतर द्यावेत.

ॲक्टिव्ह बेसला हमिंग येत नाही, हे खरे का?

अर्धेच खरे. आतल्या प्रीॲम्पमुळे केबलमध्ये शिरणारा गोंगाट कमी होतो, पण पिकअप सिंगल कॉइल असेल तर त्याने टिपलेले हमिंग प्रीॲम्प उलट वाढवूनच देतो. बॅटरी उतरली की आवाज फाटतो आणि लोक त्यालाही हमिंग म्हणतात. वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवावा, कारण तो आत असेपर्यंत बॅटरी चालू राहते.

मंडळाच्या कार्यक्रमाचे थेट रेकॉर्डिंग करताना काय काळजी घ्यावी?

साउंड आणि लाइट यांचा पुरवठा वेगळा मागून घ्यावा. लाइटच्या डिमरवर वाद्ये चालवली तर प्रत्येक रंगबदलाबरोबर चरचर बदलते. साउंडची सगळी उपकरणे एकाच फेजवर ठेवावीत, कारण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा फरक असतो आणि त्या दोन फेजवरची उपकरणे वादकाच्या हाताच्या अंतरावर नसलेलीच बरी. जनरेटरची वारंवारिता भार बदलला की सरकते, त्यामुळे ५० हर्ट्झवर अचूक बसवलेला फिल्टर ऐन गाण्यात नेम चुकतो. बेससाठी ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स स्वतःचा बरोबर न्यावा. तेथे मिळेल, या भरवशावर जाऊ नये.

ट्रॅक आधीच हमिंगसह रेकॉर्ड झाला आहे आणि वादक पुन्हा येणार नाही. आता काय?

आधी वाजवण्याच्या मधल्या मोकळ्या जागा हाताने कापाव्यात आणि प्रत्येक कापाला छोटा फेड द्यावा. नॉइज गेट हेच काम आपोआप करतो, पण बेसचा स्वर हळूहळू विरतो आणि गेट त्याची शेपूट मध्येच तोडतो. हाताने केलेले काम कंटाळवाणे असले तरी ऐकायला चांगले लागते. स्वर चालू असताना मागे राहिलेले हमिंग ड्रमच्या खाली बहुतेक वेळा झाकले जाते.

त्याने भागले नाही तर नमुना घेऊन गोंगाट कमी करणारे सॉफ्टवेअर वापरावे. त्यासाठी पाच-दहा सेकंदांची शुद्ध शांतता लागते, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी वादकाला तारांवर हात ठेवून गप्प बसवण्याची सवय लावून घ्यावी. हा उपचार कॉम्प्रेसरच्या आधी करावा, आणि एकदम बारा डेसिबल कमी करण्याऐवजी पाच-सहा डेसिबलवर थांबावे. त्यापुढे बेस पाण्याखाली वाजल्यासारखी वाटते.

हमिंग वेगळे रेकॉर्ड करून, उलटे करून, मूळ ट्रॅकमध्ये मिसळण्याची युक्ती अनेकांना सुचते आणि ती कागदावर बिनतोड आहे. प्रत्यक्षात आपल्या ग्रिडची वारंवारिता बहुतेक वेळ ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात, पण सतत हलत असते. दोन रेकॉर्डिंगमध्ये ०.०५ हर्ट्झचा जरी फरक राहिला तरी वीस सेकंदांत ते एक पूर्ण फेरा सरकतात, म्हणजे दहाव्या सेकंदाला वजाबाकीची बेरीज होऊन हमिंग दुप्पट झालेले असते.

किती हमिंग चालवून घ्यावे?

माझा ठोकताळा असा आहे : २४ बिटवर, सर्वांत जोरदार स्वर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवून रेकॉर्ड करावे आणि गप्प असताना मीटर त्याच्या साठ डेसिबल खाली असेल तर कामाला लागावे. फक्त मिक्सिंगमध्ये बेसवर कॉम्प्रेसरने दहा डेसिबल दाबून तितकेच वर उचलायचे असेल, तर मोकळ्या जागांमधले हमिंगही तितकेच वर येणार आहे, हे धरून आकडा सत्तरपर्यंत न्यावा. एकट्या बेसने सुरू होणाऱ्या गाण्याला हा नियम लागू नाही. तेथे वादकाची खुर्ची फिरवण्यात, पंखा बंद करण्यात आणि चार्जर काढण्यात आणखी वीस मिनिटे गेली तरी जाऊ द्यावीत.